खडकी गावाचा खडक आणि आपल्या विहिरीचे पाणी

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज भागात आपण कधी ना कधी गेला असाल. घड्याळाचा मनोरा, जुनी मशीद, फळांच्या गाड्या आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी, एवढेच बहुधा आपल्या लक्षात राहिले असेल. घाऊक बाजार जाधववाडीला गेला तरी शहागंजातली किरकोळ विक्री काही हटलेली नाही. या शहागंजच्या मशिदीच्या आवारात दोन मोठे हौद बांधलेले आहेत. प्रत्येक हौद सुमारे ५० मीटर लांब आणि साडेनऊ मीटर रुंद आहे. अठराव्या शतकात बांधलेल्या या हौदांत पाणी येत असे ते नहरीतून, म्हणजे जमिनीखालच्या पाटातून. वीज नाही, इंजिन नाही, मोटही नाही. डोंगराच्या पायथ्याचे पाणी आपल्या उताराने चालत बाजारपेठेच्या मध्यावर येऊन पोहोचत होते.

हे पाणी आले कोठून आणि ते वर्षानुवर्षे टिकले कसे, याचा आपल्या विहिरीशी जवळचा संबंध आहे. म्हणून हा विषय इतिहासाच्या पुस्तकात न ठेवता शेतीच्या मासिकात घेतला आहे.

खडकी कसे गाव होते?

आजचे शहर वसण्यापूर्वी येथे खडकी नावाचे छोटे गाव होते. नावातच गावाची ओळख आहे. जमीन उथळ, थोडे खणले की मुरूम आणि मुरुमाखाली कातळ. गावाच्या कडेने खाम नदी वाहते, पण ती बारमाही नाही. पावसाळ्यात लोंढा येतो आणि हिवाळा संपता संपता पात्र कोरडे पडते. उत्तरेला हर्सूल, जटवाडा या बाजूच्या टेकड्या आहेत आणि सगळा उतार दक्षिणेला गोदावरीकडे आहे. आपल्यापैकी अनेकांचे गाव डोळ्यांपुढे आणा, चित्र फारसे वेगळे दिसणार नाही.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये या खडकीत आपली राजधानी वसवली. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत त्याचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी लुटून उद्ध्वस्त केली. मलिक अंबरने गाव पुन्हा उभे केले आणि त्याच सुमारास, म्हणजे १६१७-१८ च्या आसपास, नहर-ए-अंबरीचे काम झाले. पुढे त्याचा मुलगा फत्तेखान याने गावाला फत्तेनगर म्हटले, १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद म्हटले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झाले. नावे बदलत गेली, खालचा खडक मात्र तोच आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मलिक अंबर आपल्याला पाण्यापेक्षा जमाबंदीसाठी अधिक माहीत असतो. जमिनीची मोजणी करून, तिची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत त्याने या मुलखात घातली. जमीन पाहून सारा आणि जमीन पाहूनच पाणी, असा हा माणूस होता. जमिनीचा अभ्यास आधी, काम मागून, हा क्रम त्याच्या दोन्ही कामांत दिसतो.

नहर म्हणजे काय?

नहर म्हटले की कालवा डोळ्यांपुढे येतो. ही नहर तशी नाही. कालव्यात धरणाचे किंवा बंधाऱ्याचे साठवलेले पाणी सोडतात. येथे खाम नदीच्या खोऱ्यात, हर्सूलच्या वरच्या अंगाला, जमिनीखाली भूजलाच्या पातळीच्या खाली भुयार खोदले गेले. जेथे पाणी घ्यायचे तेथे भुयाराच्या भिंती चुन्याने न लिंपता दगडांच्या फटी मोकळ्या ठेवल्या. आजूबाजूच्या मुरुमातले पाणी त्या फटींतून पाझरत आत येते. भुयाराला गावाकडे अगदी बारीक उतार दिलेला असतो. पाणी गोळा होते आणि चालू लागते. ठराविक अंतरावर वर तोंड उघडणारे आड ठेवलेले असतात. खोदताना माती काढायला, हवा यायला आणि पुढे गाळ काढायला ते उपयोगी पडतात. शहराजवळ आल्यावर पाणी भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून हौदांपर्यंत नेले गेले. पाणी आपल्या दाबाने जेवढे वर चढेल तेवढेच चढवले.

मलिक अंबरनंतरही अशा अनेक नहरी झाल्या. त्यातली पाणचक्कीची नहर आपण पाहिली असेल. सुमारे सहा किलोमीटरवरच्या डोंगराकडून येणारे पाणी उंच भिंतीवरून हौदात पडते आणि त्या जोरावर जाते फिरते. पाणचक्कीचे बांधकाम १७४४ च्या सुमाराचे आहे. सहलीला आलेली मुले धबधबा पाहतात. आपण गेलात तर पाणी वर कसे चढले ते जरूर पाहा.

हे तंत्र इराणकडून आलेले आहे आणि शेजारी बऱ्हाणपुरातही त्याच काळात, १६१५ मध्ये, कुंडी भंडाऱ्याचे काम झाले. गंमत अशी की नेमक्या त्याच वर्षांत फ्रान्समध्येही असेच काम चालू होते. पॅरिसच्या दक्षिणेला रंजिस नावाचे एक लहान शेतकरी गाव होते. गाव लहान, पण पाणी चांगले. तेथे वर चुनखडीचा खडक आणि त्याखाली पाणी न जिरणाऱ्या चिकणमातीचा थर आहे. पावसाचे पाणी चुनखडीत मुरते, चिकणमातीवर येऊन अडते आणि उताराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. १६१३ ते १६२३ या काळात त्या गावाच्या शिवारात जमिनीखाली चौकोनी भुयार बांधले गेले, भिंतींना पाणी पाझरण्यासाठी छिद्रे ठेवली गेली आणि जमलेले पाणी सुमारे १३ किलोमीटर लांबीच्या बांधीव पाटाने पॅरिसला नेले गेले. त्याच्या कितीतरी शतके आधी रोमन लोकांनीही याच शिवाराचे पाणी नेले होते. खडकी आणि रंजिस यांच्या कारागिरांना एकमेकांची गावे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. जमीन सारखा प्रश्न घालते तेव्हा उत्तरही सारखे निघते. आज रंजिस हे नाव युरोपात प्रसिद्ध आहे ते पाण्यासाठी नव्हे, तर भाजीपाला, फळे, मांस-मासळी आणि फुलांच्या प्रचंड घाऊक बाजारासाठी. १९६९ मध्ये पॅरिसच्या मध्यवस्तीतला बाजार तेथे हलवला गेला.

आपल्या पायाखालचा खडक

खडकीच्या भुयाराला पाणी का लागले हे समजण्यासाठी खडकाची रचना पाहावी लागेल. हा भाग थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण विहिरीवर होणारा खर्च बहुतेक वेळा येथेच फसतो.

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हारस थंड होऊन झालेल्या काळ्या खडकाचा आहे. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. लाव्हा एकदाच आला नाही, अनेक वेळा आला आणि एकावर एक थर बसले. प्रत्येक थराचा खालचा भाग बहुधा घट्ट काळा पाषाण असतो. त्यात पाणी मुरत नाही, असलेच तर चिरांमध्ये असते. वरच्या भागात थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून छिद्रे पडलेली असतात. त्या छिद्रांत पांढरे-हिरवट खडे भरलेले दिसतात. हाच आपला मांजऱ्या. मांजऱ्या लवकर झिजतो, भुसभुशीत होतो आणि त्यात पाणी साठते. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबडा गेरूचा पट्टा आढळतो. गेरू चिकट असतो, तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. रंजिसच्या चिकणमातीचे काम आपल्याकडे अनेक ठिकाणी गेरू आणि घट्ट पाषाण करतात. नाल्याच्या काठावर गेरूच्या पट्ट्याच्या वर ओल दिसते ती यामुळेच.

सर्वांत वर माती आणि तिच्याखाली मुरूम. आपल्या उथळ विहिरींचे खरे पाणी या मुरुमात आणि झिजलेल्या मांजऱ्यात असते. नहरीचे पाणीही तेथलेच होते.

आता ही कोठी किती मोठी आहे ते पाहू. मुरूम आणि झिजलेल्या खडकातून हाती लागणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के धरावे. नदीकाठच्या वाळूत हेच प्रमाण याच्या कितीतरी पट असते, घट्ट पाषाणात एक टक्काही नसते. एक हेक्टर क्षेत्राखाली ५ मीटर जाडीचा मुरूम पूर्ण भरलेला आहे असे समजा. आकारमान झाले ५० हजार घनमीटर. त्याचे २ टक्के म्हणजे १ हजार घनमीटर, म्हणजेच १० लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण तेच पाणी त्याच एक हेक्टरवर पसरले तर थर होतो फक्त १० सेंटिमीटरचा. रब्बी ज्वारीच्या दोन हलक्या पाळ्या झाल्या की कोठी रिकामी! यातून गावाचे पिण्याचे पाणी आणि जनावरांचे पाणीही भागवायचे असते. मग बारमाही ऊस किंवा मोसंबीचा उन्हाळा एका विहिरीच्या भरवशावर कसा काढायचा, याचा हिशेब आपणच करावा.

ही कोठी लहान आहे, पण तिचा एक मोठा गुण आहे. एका चांगल्या पावसाळ्यात ती पुन्हा भरते.

बोअर कोठे चुकते?

नहरीचा तळ ठरलेला होता. भुयाराच्या तळाच्या वर जेवढे पाणी असेल तेवढेच तिच्यात येणार. पाऊस कमी झाला की धार बारीक होणार, पण तळाखालचे पाणी कोणी ओढून नेऊ शकत नव्हते. बोअरला असा तळ नसतो. १०० फुटांना पाणी गेले की २०० फूट, मग ५०० फूट. खोलवरच्या चिरांतले पाणी कधी कधी जोरात लागते आणि घरात आनंद होतो. परंतु त्या चिरा भरायला अनेक वर्षे लागतात. पहिल्या दोन उन्हाळ्यांत भरपूर चाललेले बोअर तिसऱ्या उन्हाळ्यात हवा ओकते, हा अनुभव नवा नाही.

याहून वाईट गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बोअर वरच्या मुरुमातून खाली जाते. केसिंग पाइप नीट बसवला नाही तर मुरुमातले पाणी त्याच भोकातून खालच्या चिरांत गळू लागते. आपले बोअर आटलेले असले तरी ही गळती चालूच राहते. शेजाऱ्याची उथळ विहीर दिवाळीतच का बसली, याचे कारण कधी कधी बांधापलीकडच्या निकामी बोअरमध्ये असते. निकामी बोअर उघडे ठेवू नये. लहान मुलांच्या दृष्टीने ते धोक्याचे आहेच, पाण्याच्या दृष्टीनेही आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि औरंगाबाद जिल्ह्यांत मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या. बाग वाचवण्यासाठी एकामागून एक बोअर घेणारी कुटुंबे कर्जात गेली. झाड जगवायला पंधरा-वीस वर्षे घातलेली असतात, म्हणून अशा वेळी माणूस हिशेब करत नाही. त्याला दोष देता येत नाही. हिशेब त्याआधीच्या चांगल्या वर्षी करायचा असतो.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले. पुढे २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम आला आणि त्यात ६० मीटरपेक्षा जास्त खोल विहिरींवर नियंत्रण आले. कायदा कागदावर राहतो अशी तक्रार आपण करतो, पण बोअरची गाडी आपल्याच बांधावर उभी असते.

विहिरीचा झिरा मोजा

खडकीच्या कारागिरांनी आधी जमीन वाचली. ते काम आपण आपल्या विहिरीपासून सुरू करावे.

एप्रिल-मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर विहिरीच्या भिंती वरूनच, आरशाने ऊन पाडून नीट पाहाव्यात. जुन्या विहिरीत दूषित वायू असू शकतो, म्हणून एकट्याने उतरू नये. माती कोठे संपते, मुरूम किती, मांजऱ्या कोठे लागतो, काळा पाषाण कोठे सुरू होतो आणि ओल कोणत्या पट्ट्यातून येते, हे वहीत लिहून ठेवावे. ओल डोंगराच्या बाजूने आहे की नाल्याच्या बाजूने तेही लिहावे.

नंतर झिरा मोजावा. मोटर बंद केल्यावर दोरीला दगड बांधून पातळी घ्यावी आणि एका तासाने पुन्हा घ्यावी. समजा विहीर ६ मीटर व्यासाची आहे आणि तासात पाणी ३० सेंटिमीटर चढले. विहिरीचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर होते, म्हणजे तासाला साडेआठ हजार लिटरच्या जवळपास पाणी आले. ही मोजणी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत करावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे आपले आकडे तिच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. ऑक्टोबरचा आकडा पाहून रब्बीचे क्षेत्र ठरवावे. पेरून झाल्यावर पाण्याचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

ओलीचा पट्टा स्पष्ट दिसत असेल तर विहीर आणखी खोल करण्याऐवजी त्या पातळीवर आडवे बोअर घेणे बहुधा फायद्याचे ठरते. आपल्या भागात आडवे बोअर पुष्कळ जण घेतात. तत्त्वाने पाहिले तर ती छोटी नहरच आहे. उभे खाली न जाता पाझरत्या थरातून आडवे जायचे. मात्र घट्ट पाषाणात आडवे बोअर मारून काही उपयोग नाही. तसेच ते शेजाऱ्याच्या विहिरीच्या रोखाने घेऊ नये. पाणी मिळेल, पण सोबत भांडणही मिळेल.

झाडांवरूनही अंदाज येतो. उंबर, जांभूळ, सादडा, शिंदी ही झाडे भर उन्हाळ्यात टवटवीत असतील तर तेथे पाणी उथळ असण्याची शक्यता जास्त. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अशा खुणांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. नारळ फिरवून पाणी सांगणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी नाल्याच्या काठाने एक चक्कर मारावी.

कोठी भरायची कशी?

नहरीचा एक दोष सांगितला पाहिजे. ती बारा महिने चोवीस तास वाहत होती, गरज असो वा नसो. पावसाळ्यातही पाणी निघून जात होते. शिवाय खोरे मोकळे होते, टेकड्यांवर गवत-झाडी होती आणि पाणी मुरायला जागा होती, तोवरच तिला धार होती. वरच्या अंगाला घरे, रस्ते आणि बोअर झाले आणि पुष्कळ नहरी कोरड्या पडल्या किंवा बुजल्या. १९५४ मध्ये हर्सूलचा तलाव झाला, नंतर जायकवाडीचे पाणी आले. आज शहराचे बहुतेक पाणी पन्नासेक किलोमीटरवरून पंपाने वर चढवून आणावे लागते आणि तरीही नळाला रोज पाणी येत नाही. आपण आता भुयार खोदावे असे येथे सुचवायचे नाही. ते खर्चाचे आणि जोखमीचे काम आहे. घ्यायचे आहे ते मुरण्याचे तत्त्व.

एका हेक्टरवर २५ मिलिमीटरचा एक पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी पडते. त्यातले पाचवा हिस्सा वाहून गेले असे धरले तरी ५० हजार लिटर होते. हे पाणी गाळून वर सांगितलेल्या ६ मीटर व्यासाच्या विहिरीत सोडले तर पातळी सुमारे पावणेदोन मीटर चढेल, आणि तेथून ते भोवतीच्या मुरुमात शिरेल. एका पावसाचा हा हिशेब आहे.

त्यासाठी विहिरीपासून दोन-तीन मीटरवर, उताराच्या बाजूला, दोन खड्डे घ्यावेत. पहिल्यात गाळ बसू द्यावा. दुसऱ्यात तळाला मोठे दगड, त्यावर लहान दगड-खडी आणि सर्वांत वर जाड वाळू भरावी. तळातून चार इंची पीव्हीसी नळी विहिरीत काढावी आणि तिच्या आतल्या तोंडाला जाळी लावावी. नळीचे टोक विहिरीच्या कडेला लागून न ठेवता थोडे आत काढावे, नाही तर कड ढासळते. पहिल्या एक-दोन पावसांचे गढूळ पाणी बाहेर काढून द्यावे. खत टाकल्यावर किंवा फवारणीनंतर लगेच आलेल्या पावसाचे पाणी, तसेच गोठ्याकडून किंवा वस्तीकडून येणारे पाणी विहिरीत घेऊ नये. पिण्यासाठी वापरत असलेल्या विहिरीचे पुनर्भरण शेतातल्या पाण्याने करू नये, तेथे फक्त छपराचे स्वच्छ पाणी वापरावे. दरवर्षी मे महिन्यात वरची वाळू काढून धुवावी. हे काम टाळले की दुसऱ्या वर्षी खड्डा तुंबतो आणि मग पद्धतच खोटी ठरवली जाते.

शेतात उताराला आडवी मशागत आणि आडवी पेरणी ठेवावी. नाल्यातला गाळ काढताना मुरुमापर्यंतच थांबावे. मुरूम उकरून पाषाण उघडा पाडला की खोलीकरणाचा फोटो चांगला येतो, पण पाणी साठवणारा थर निघून गेलेला असतो. नाल्याचे पात्र रुंद आणि गाळाचे असेल व खाली घट्ट पाषाण लागत असेल तर भूमिगत बंधाऱ्याचा विचार करता येतो. जागा मात्र जाणकाराकडून तपासून घ्यावी. त्यासाठी विहिरीच्या थरांची आणि झिऱ्याची आपण लिहिलेली वही घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जावे. जाताना शक्य असल्यास वरच्या आणि खालच्या बांधाचे दोन शेजारीही बरोबर घ्यावेत, कारण मुरुमातले पाणी तिघांचे एकच असते.